वाल्फ्रिड हाकालाच्या नऊ बंदुका

मर्ना हाकाला बापाच्या मयतीला रडली नाही, हे कोस्की गावात सगळ्यांनी पाहिलं आणि कुणालाच त्याचं नवल वाटलं नाही. चर्चच्या तळघरात जेवण होतं. हॅमची सँडविचेस, बटाट्याचं सॅलड, वेलदोड्याचा गोड पाव, आणि कॉफी तर काय, आमच्याकडे मेलेल्या माणसालाही कॉफीशिवाय निरोप देत नाहीत. मर्ना ॲप्रन बांधून मोरीशी कप विसळत उभी होती. जिचा बाप गेला तिनं भांडी विसळायची नसतात, पण तिला सांगणार कोण? काउंटीच्या वृद्धाश्रमात एकवीस वर्षं स्वयंपाकीण होती ती. हात रिकामे राहिले की तिला कसंनुसं व्हायचं.

वाल्फ्रिड अठ्ठ्याऐंशीचा होऊन गेला. तरुणपणी तांब्याच्या खाणीत होता, खाण बंद पडल्यावर रस्त्यावरचा बर्फ काढायच्या गाडीवर लागला. सुपीरियर सरोवरावरून वारा सुटला की मिशिगनच्या या टोकाला पाच-पाच महिने बर्फच बर्फ, तेव्हा काम काही कमी नव्हतं. दारू बेताची, बोलणं त्याहून बेताचं, उधारी कुणाची नाही. नाकासमोर चालणारा माणूस. पण गावानं त्याचा एक गुन्हा लक्षात ठेवला होता, आणि गाव एकदा लक्षात ठेवायला बसलं की कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

एक्क्याऐंशी सालच्या एप्रिलात त्याच्या मुलानं, रॉडनीनं, घरातल्याच बंदुकीनं स्वतःला संपवलं. अठरा वर्षांचं पोर. का, ते आजतागायत कुणाला कळलं नाही. चिठ्ठी नाही, भांडण नाही. मात्र एक गोष्ट लोकांच्या घशाखाली उतरेना. वाल्फ्रिडच्या बंदुका ओकच्या कपाटात असत, कपाटाला कुलूप, आणि किल्ली बुटाच्या नाडीत ओवून त्याच्या गळ्यात. अंघोळीलासुद्धा काढायचा नाही. रॉडनीची स्वतःची रायफल तेव्हा जंगलातल्या शिकारीच्या खोपटात पडलेली. मग पोराच्या हाती बंदूक आली कुठून?

सगळ्यांच्या मनात होतं, विचारलं एकट्या मर्नानं. ती तेव्हा बावीसची. सहा महिन्यांपूर्वी मिलवॉकीला कारखान्यात नोकरीला गेलेली, भावाच्या मयतीला बसनं आलेली. स्वयंपाकघर बायकांनी भरलेलं, टेबलावर झाकलेली भांडी, आणि त्या सगळ्यांदेखत ती बापासमोर जाऊन उभी राहिली.

"इसा," ती म्हणाली. घरात बापाला फिनिशमध्ये इसाच म्हणायचे. "इसा, कपाट उघडं कसं राहिलं?"

वाल्फ्रिडनं तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "राहिलं."

बस, एवढंच. त्यानंतर तेहेतीस वर्षं त्यानं तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच. शिकारीच्या मोसमात त्याला खोपटावर बोलावणं हळूहळू बंद झालं. ज्यांची पोरं लहान होती ती माणसं त्याच्यापासून चार हात लांब राहू लागली. तो एकटा जंगलात जायचा, एकटा यायचा. पाच वर्षांनी बायको गेली. पुढे मर्ना तिकडेच लग्न करून, मग नवऱ्याला सोडून गावी परत आली, पण राहिली दोन मैलांवर भाड्याच्या घरात. बापाचा किराणा आणायची, औषधं आणायची, छपराच्या पन्हळी साफ करून घ्यायची. मुलीचं कर्तव्य म्हणाल तर कुठं बोट ठेवायला जागा नाही. पण त्या घरात बसून बापाबरोबर तिनं कधी कॉफीचा कप घेतला नाही. पिशवी ओट्यावर ठेवायची, कोट अंगातून न काढता उभ्या उभ्या चार शब्द, की निघाली.

आता घर तिचं झालं. आणि कपाटातल्या नऊ बंदुकाही.

वारसाच्या कागदांसाठी कोर्टानं यादी मागितली होती. घर किती, गाडी किती, बंदुका किती, आणि प्रत्येकीची किंमत काय. जाणकार माणसाच्या सहीनं. मर्नाचा चुलतभाऊ डुएन कागद बघून हसला.

"अगं, हिरेमाणकं आहेत का ती? लिही दोनशे-दोनशे आणि टाक टपालपेटीत. कोर्ट काय हरणं मारायला येणार आहे?"

"जाणकाराची सही मागितलीय."

"मग मी करतो सही. माझ्याएवढा जाणकार कोण आहे?"

"तू गेल्या वर्षी शेजाऱ्याच्या गाईवर गोळी झाडलीस, डुएन."

"धुकं होतं!" डुएन म्हणाला. पण मग विषय वाढवला नाही.

खरं कारण मर्नानं त्याला सांगितलं नाही. किमतीचं तिला सोयरसुतक नव्हतं. त्या नऊंतली एक *ती* होती. शेरीफनं ती तपास संपल्यावर परत दिली होती, वाल्फ्रिडनं घोंगडीत गुंडाळून घरी आणली होती, एवढं तिला ठाऊक होतं. पण कोणती? बापानं कधी सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. आणि आमच्याकडची रीत अशी की पोरगं किंवा पोरगी दहा-बारा-चौदा वर्षांची झाली की घरचे अशीच एखादी जुनी रायफल विकत आणून हाती देतात. म्हाताऱ्याच्या घरची असेल तर उलट चांगली समजतात. त्या बंदुकीनं कुणा लेकरानं आपलं पहिलं हरीण पाडावं, तिच्यासोबत हसत फोटो काढावा, हे मर्नाला सोसणारं नव्हतं. ती एक ओळखायची, कापून तुकडे करायचे, मग बाकीच्या जिथं जायच्या तिथं जावोत. हा एकच हिशोब तिच्या डोक्यात होता.

ओळखणारा माणूस मात्र मिळेना. गहाणाच्या दुकानदारानं गाडीतच डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "सगळ्या मिळून अकराशे. रोख. आत्ता." मर्नानं गाडी चालू केली तेव्हा बाराशे म्हणाला, वळणावर पोहोचेपर्यंत तेराशे ओरडत होता. शहरातल्या शिकारीच्या सामानाच्या मोठ्या दुकानात टाय लावलेल्या माणसानं फोनवर चित्रं बघून किमती वाचून दाखवायला सुरुवात केली. बंदूक हातातसुद्धा घेतली नाही. मर्नानं विचारलं, एखाद्या बंदुकीचं मागं काय झालं ते तिच्याकडे बघून कळतं का? तो म्हणाला, "मॅडम, आम्ही फक्त मॉडेल बघतो."

शेवटी वृद्धाश्रमातल्या एका म्हातारीनं नाव सांगितलं. क्लेमेंट बोद्री. पन्नास वर्षं बंदुका दुरुस्त केलेला माणूस. "पण तो आता कुणाचं काही बघत नाही गं," म्हातारी म्हणाली. "हात थरथरतात त्याचे. आणि तोंड तर आधीपासूनच फाटकं."

मर्ना शनिवारी सकाळी गेली. बोद्रीचं दुकान म्हणजे घरामागची पत्र्याची खोली. आत लोखंडी शेगडी, तेलाचा वास, भिंतीला रंधे-कानशी. एकोणऐंशीचा म्हातारा, जाड भिंगाचा चष्मा, दाढी तीन दिवसांची. दारातच उभा राहिला.

"नाही बघत," तो म्हणाला.

"मी अजून काही बोललेच नाही."

"गाडीत मागं घोंगड्या दिसतायत. घोंगड्यांत बंदुका असतात नाहीतर मढं. मढं असेल तर तेही नाही बघत."

"वाल्फ्रिड हाकालाच्या आहेत."

म्हाताऱ्यानं चष्मा वर सरकवला. "तू हाकालाची पोर होय? गेला का तो? मला कुणी सांगितलंही नाही. हं. आता कोण मेलं तेही पेपर वाचूनच कळायचं." मग बाजूला झाला. "आण आत. एकेक आण. आपटू नकोस."

त्याची काम करायची पद्धत जगावेगळी होती. बाकावर जुनी गोधडी अंथरली, मर्नाला समोर स्टुलावर बसवलं, आणि बंदुकीला हात लावण्याआधी विचारलं, "विकायच्यात, वाटायच्यात, की विमा काढायचाय?"

"त्यानं काय फरक पडतो?"

"विकायला एक किंमत, वाटायला दुसरी, विम्याला तिसरी. किंमत काय बंदुकीच्या पोटात असते का? किंमत विचारणाऱ्याच्या पोटात असते."

मर्नानं घोंगड्यांकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, "आठ विकायच्यात. एक कापायचीय."

"कापायला कशाला किंमत लागते?"

"कोणती कापायची ते मला माहीत नाही. ते तुम्ही सांगायचं."

बोद्री तिच्याकडे बघत राहिला. कोस्कीपासून तीस मैलांवर राहत असला म्हणून काय झालं, असल्या गोष्टी तीस मैल सहज चालतात. त्याला आठवलं असावं. त्यानं फटकळपणा आवरता घेतला, शेगडीवरची कॉफी एका कपात ओतून तिच्यापुढे ठेवली आणि पहिली बंदूक उघडली.

ती आजोबांची दुनळी होती, फिनलंडहून आलेल्या आजोबांनी खाणीतल्या पहिल्या वर्षाच्या कमाईतून घेतलेली. बोद्रीनं डोळे मिटून नळ्यांवरून अंगठा फिरवला. चेहरा उजळला. मग बंदूक उजव्या कुशीवर वळवली आणि जोरात ओरडला.

"अरे देवा! वाल्फ्रिड! हे काय करून ठेवलंस रे!"

नक्षीच्या बरोबर मधोमध, धातूवर, वेड्यावाकड्या आकड्यांत नऊ अंकी नंबर खरवडलेला होता. सोशल सिक्युरिटीचा, सरकार माणशी एक देतं तो.

"हे कधीचं?" त्यानं विचारलं.

मर्नाला आठवलं. "सत्याहत्तर सालचं. शेरीफचा माणूस विजेची सुई घेऊन टाऊनशिपच्या हॉलमध्ये बसला होता. सगळ्या गावानं रांग लावली होती. नंबर कोरला की चोरी झाली तरी माल सापडेल म्हणाले होते."

"सापडेल!" बोद्रीनं कपाळाला हात लावला. "किती चोऱ्या झाल्या मग?"

"एकही नाही."

"एकही नाही. आणि हजारो बंदुकांची वाट लागली. सरकारनं सांगितलं की आपली माणसं आपल्याच पायावर कुऱ्हाड मारायलाही रांगेत उभी राहतात, वर कॉफी पितात. पोरी, ही दोन हजारांची होती. आता सहाशे मिळाले तर नशीब समज."

मर्नाला काही वाटलं नाही. दोन हजार काय, सहाशे काय. ती पुढची घोंगडी सोडत होती.

दुसरी, तिसरी, चौथी. प्रत्येकीवर तोच नंबर, शेवटी सोळा. वाल्फ्रिडचा. बोद्री आकडा वाचायचा, किंमत सांगायचा, कागदावर लिहायचा. हात थरथरायचे म्हणून अक्षर मुंगळ्यासारखं पसरायचं. मधूनच म्हणायचा, "स्वच्छ ठेवलीय. तुझा बाप आठवड्याला तेल देत असणार." प्रत्येक बंदूक घोंगडीतून बाहेर यायची तेव्हा मर्ना बोद्रीच्या तोंडाकडे बघायची, आणि त्यानं ती बाजूला ठेवली की पुढची आणायची.

आठव्या रायफलीवर नंबर वेगळा होता.

"हा तुझ्या बापाचा नाही," बोद्री म्हणाला. "शेवटी सदतीस-एकवीस."

मर्नानं कप खाली ठेवला. "रॉडनीचा," ती म्हणाली. "माझ्या भावाचा. आईनं आम्हा दोघांना एकाच दिवशी कार्ड काढायला नेलं होतं. माझा अर्ज आधी गेला, त्याचा लगेच मागून. माझा सदतीस-वीस, त्याचा सदतीस-एकवीस." तिनं रायफलीवर बोट ठेवलं. "हीच असणार. कापा ही."

"थांब. त्याची रायफल घरी होती का तेव्हा?"

"नाही. खोपटात होती. म्हणजे... असं म्हणत होते. पण लोक काय, काहीही म्हणतात. त्यानंच आणली असेल. त्याचीच आहे ना!"

म्हातारा उठला, रायफल खिडकीशी नेली, भिंग डोळ्याला लावलं आणि घोड्याभोवतीची कडी आतून-बाहेरून न्याहाळली. उलटी केली. दस्त्याचं टोक पाहिलं.

"ही नव्हे," तो म्हणाला.

"कशावरून?"

"त्या काळात शेरीफच्या ताब्यात गेलेल्या बंदुकीवर शिपाई खूण करायचा. सुईनं आपल्या नावाची अक्षरं आणि तारीख. कोर्टात ओळख पटावी म्हणून. बहुतेक इथंच, कडीच्या आत, लोकांना दिसणार नाही अशा जागी. मी अशा डझनावारी पाहिल्यात. हिच्यावर काही नाही. आधीच्या सातांवरही नव्हतं. मी बघत होतो."

म्हणजे तो पहिल्यापासून बघत होता, दुनळीवर आरडाओरडा करतानासुद्धा. मर्नाला त्या फटकळ म्हाताऱ्याविषयी एकदम माया वाटली. पण ती वाटायलाही वेळ नव्हता. घोंगडी एकच उरली होती.

नववी लिव्हरची, खालची दांडी ओढून गोळी भरायची, रायफल होती. साधी, आमच्याकडे घरटी एक असते तसली. बाहेरून नंबर कुठंच नव्हता. बोद्रीनं ती खिडकीशी नेली, आणि या वेळी त्याला भिंग फार वेळ धरावं लागलं नाही.

"आहे," तो म्हणाला. "अक्षरं दोन. एप्रिल, एक्क्याऐंशी."

मर्ना उठली नाही. स्टुलाची कड दोन्ही हातांनी धरून बसली. तेहेतीस वर्षं जी शोधायची होती ती सापडली, आणि सापडल्यावर काय करायचं असतं ते तिला कळेना. रडू येईल असं वाटलं होतं. आला तो राग. "हीच घेऊन हिंडायचा तो?" ती म्हणाली. "दर नोव्हेंबरात?"

"नाही. तेव्हापासून ही चाललेलीच नाही. नळीत आत जुनं ग्रीस भरलंय, वर्षानुवर्षांचं." बोद्री रायफल चाचपत होता. आता तो स्वतःशीच बोलत होता, कारागीर बोलतात तसा. "पण हा दस्ता हिचा नव्हे. मागून बसवलाय. अक्रोडाचं नवं लाकूड, हातानं घडवलेलं, आणि चांगलं घडवलंय. मूळचा काढून टाकलाय. चांगला दस्ता कुणी बदलतं का? फुटला असेल तर गोष्ट वेगळी. किंवा आखूड असेल. पोराटोरांसाठी कापून आखूड केलेला असतो ना, तसा. म्हणून मोठ्या माणसाच्या मापाचा बसवला... नाही, पण चालवलीच नाही म्हटल्यावर मापाचं काय करायचंय? ओळखू येऊ नये म्हणून बदलल्यासारखं दिसतंय."

"कुणाला ओळखू येऊ नये?"

"ते मला काय माहीत? नंबर पाहू." त्यानं नळीखालच्या लाकडाचा एकुलता स्क्रू सोडला. तीनदा पेचकस निसटला. मर्नानं पुढं होऊन त्याचं मनगट धरलं, तेव्हा कुठं स्क्रू निघाला. लाकडाचा तुकडा खाली आला. नळीच्या पोटाला, कधीच कुणाला दिसणार नाही अशा जागी, आकडे कोरलेले होते. बारीक आणि सुबक, सावकाश बसून कोरलेले.

"हा बघ, आहे. इथं कोरायचं कुणाला सुचलं? ज्याला बंदूक विद्रूप करायची नव्हती, तो शहाणा म्हणायचा." बोद्रीनं भिंग लावलं. "तिसराच कुणाचातरी दिसतोय. सदतीस..."

"वीस," मर्ना म्हणाली.

म्हाताऱ्यानं भिंग खाली केलं.

तिला ते सगळं एकदम दिसलं. एकोणीस वर्षांची ती, हॉलमधल्या रांगेत, हातात स्वतःची रायफल. चौदाव्या वर्षी इसानं दिलेली, तिच्या खांद्याच्या मापानं दस्ता कापून दिलेली. ती म्हणाली होती, माझ्या रायफलीवर बाहेरून नको, आत कोरा, आणि शिपाई हसला होता, आणि इसानंच स्क्रू सोडून लाकूड काढून दिलं होतं. आणि मग तीन वर्षांनी, ऑक्टोबरातली ती सकाळ. मिलवॉकीची नोकरी लागलेली. दारात डुएनच्या ट्रकचा हॉर्न. इसा टेबलाशी बसून किल्लीची नाडी मानेवरून काढत होता. "मर्ना, रायफल खाली आण. कपाटात ठेवून देऊ." आणि ती जिन्यावरून ओरडली होती, "हो हो, ठेवते!" बॅग, कोट, आईचे पापे, पुन्हा हॉर्न. रायफल तिच्या खोलीत पलंगाखाली फ्लॅनेलच्या चादरीत गुंडाळलेली. ती तिथंच राहिली. इसाला वाटलं असणार, नेली असेल बरोबर. नाहीतर वाटलं असणार, आणेल ख्रिसमसला आली की. कपाट कधी उघडं राहिलंच नव्हतं.

"इसानं मला सांगितलं, तुझी रायफल विकली," मर्ना म्हणाली. "जूनमध्ये. रॉडनीला जाऊन दोन महिने झाले होते. पत्रात दोन ओळी. तुझी रायफल विकली, नव्वद आले, थंडीचा कोट घे. सोबत नव्वद डॉलरची मनीऑर्डर. मला इतका संताप आला, म्हटलं, हा माणूस आहे की दगड? पोरगा मातीत आणि याला माझी रायफल विकायचं सुचतंय. मी घेतला कोट. सहा वर्षं वापरला."

बोद्री शेगडीत लाकूड सरकवायला वाकला आणि गरजेपेक्षा जास्त वेळ वाकून राहिला.

"मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं होतं हो," ती म्हणाली. "भरल्या घरात. कपाट उघडं कसं राहिलं. आणि तो म्हणाला, राहिलं."

आणि मग तिला रडू फुटलं. छप्पन्न वर्षांची बाई, शंभर-शंभर माणसांचं जेवण एकहाती काढणारी, त्या तेलकट खोलीत स्टुलावर बसून लहान पोरीसारखी हमसाहमशी रडली. "इसा, इसा" एवढंच तोंडातून निघत होतं. तेहेतीस वर्षं त्या माणसानं लेकीचं पाप स्वतःच्या गळ्यात घालून घेतलं, किल्लीच्या नाडीबरोबर. गावानं वाळीत टाकलं तरी हूं की चूं केलं नाही. लेक दारात कोट घालून उभी राहायची, बसायची नाही, तेही गिळलं. तो एकदा जरी बोलला असता तर सुटला असता. पण मग ती सुटली नसती, आणि त्यानं हे तोलून पाहिलं होतं. आईला माहीत होतं का? असणार. आता विचारायचं कुणाला?

बोद्रीनं तिच्या हातात एक फडकं दिलं. बंदुका पुसायचंच होतं, पण धुतलेलं. तिनं तोंड पुसलं.

"हे बघ पोरी," तो म्हणाला, "मला काही कुणाची समजूत काढता येत नाही. बायको म्हणायची, तू बोललास की माणूस जास्त रडतो. पण एक सांगतो. हे लाकूड बसवायला त्याला चार-पाच महिने लागले असतील. रोज संध्याकाळी बसून. असं काम माणूस रागात करत नाही."

मर्नाला त्यानं बरं वाटलं नाही. उलट आणखी आत कुठंतरी लागलं.

"कापायची आहे ना?" त्यानं विचारलं. "की आता..."

"कापा."

त्यानं दस्ता आधी काढला, काळजीनं, दोन स्क्रूंचा, आणि न विचारता तिच्या मांडीवर ठेवला. मग शेगडीशेजारचं करवतीचं यंत्र चालू केलं. कानठळ्या बसतील असा आवाज झाला. नळी दोन ठिकाणी, मधला भाग एका ठिकाणी. ठिणग्या उडत होत्या. मर्ना उभी राहून शेवटपर्यंत बघत होती, तोंड फिरवलं नाही. आकड्यांचा तुकडा बादलीत पडला, तोही इतरांसारखाच.

यंत्र बंद झाल्यावर खोली एकदम मोकळी झाल्यासारखी वाटली. बोद्रीनं हात पुसले, कागद पुढं ओढला, चष्मा लावला. आठ ओळी भरलेल्या होत्या.

"यादीत नऊ म्हटलंय," तो म्हणाला. "नववीसमोर काही लिहायला हवं. आज कापली असं लिहीन, पण तो गेला त्या दिवशीची किंमत कोर्टाला लागते. नंबर आत होता, बाहेरून शाबूत होती, साडेपाचशेला तर डोळे मिटून गेली असती. दस्ता बदललेला धरून सुद्धा. साडेपाचशे लिहू?"

मर्ना मांडीवरच्या अक्रोडाच्या लाकडावरून हात फिरवत होती. त्यावर डाग नव्हता, ओरखडा नव्हता. कुणीच कधी ते खांद्याला लावलं नव्हतं.

"नव्वद लिहा," ती म्हणाली.

"नव्वद? अगं, कोण मानेल?"

"विकली होती ती. नव्वदला. माझ्या बापानं."

बोद्रीनं तिच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. उजव्या हाताचं मनगट डाव्या हातानं घट्ट धरलं, आणि सावकाश नव्वद लिहिले.